झीज

शिरगुप्पे डॉक्टरीणबाईंनी दाढेवर आरसा टेकवला
आणि विचारलं, मगदूम, रात्री काय चावता?
मी म्हटलं, काही नाही. साडेआठला जेवण, मग झोप.
त्या म्हणाल्या, झोपेतच.

एकोणतीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभा आहे.
झीज मला कळते.
बेअरिंग कुरकुरायच्या आधी तळव्याला कळतं.
पण या बत्तीस नगांची तपासणी
कधी केलीच नव्हती.

पद्मा म्हणते, आधी वाटलं उंदीर.
कपाटामागं सापळा लावला, खोबऱ्याचा तुकडा घालून.
तीन रात्री रिकामा.
चौथ्या रात्री तिनं कान माझ्या तोंडाशी आणला.

फाल्गुनात माल परत आला होता.
चारशे दहा नग, दोन शतांश जास्त.
मालक ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, बघा आता.
ते दोन शब्द मी उभ्या उभ्याच गिळले, चहाबरोबर,
आणि ते पोटापर्यंत गेलेच नाहीत.
छातीत आंबट होऊन थांबले,
मानेत गाठ,
डाव्या पापणीत एक फडफड, जी साहेब आले की वाढते.
मिसळीचा कट सुटला. प्रेशरची गोळी लागली.
सगळे म्हणाले, रंकाळ्यावर चालायला जा.
गेलो. लोक पाणी बघत होते,
मी कठड्याचे दगड बघत होतो.
एकही दुसऱ्याशी जुळत नव्हता.

बाईंनी साचा घेऊन पारदर्शक पट्टी करून दिली.
रात्री घाला, दात वाचतील.
आणि पट्टी झिजली की?
नवी करू.
मला हसू आलं. आमच्यात हेच तर करतात,
शाफ्ट वाचवायचा तर बुश मऊ धातूचा ठेवायचा,
झिजायचं ते दुसऱ्यानं झिजायचं.
पद्मा बाजूच्या खुर्चीत होती, पर्स मांडीवर घट्ट धरून,
डोळ्यांखाली दोन काळे अर्धगोल.
ते मी त्या पांढऱ्या दिव्यात
पहिल्यांदा बघितले.

आज पट्टी घातली आहे. तोंडात परक्याच्या घरासारखं वाटतं.
खोलीत आवाज नाही.
अडीच वाजले असतील. ती कुशीवर आहे,
श्वास धरून, कान देऊन,
आवाज कसा आला नाही म्हणून जागी.
मी पट्टी काढून उशीखाली ठेवतो
आणि म्हणतो, पद्मे, ते चारशे दहा नग...
ती म्हणते, व्हय, सांग.
कपाटामागं सापळा अजून तसाच आहे,
खोबरं वाळून खडा झालेलं.