खोकं नंबर सतरा

सोहारला आलो तेव्हा एकतीस खोकी होती.
तीन महिने झाले, चोवीस तशीच.
मी पहाटे साडेपाचला प्लान्टच्या गाडीत,
समुद्राचं पाणी गोडं करायच्या नोकरीवर,
आणि श्रीकर घरात,
व्हिसावर माझ्या नावाला जोडलेला,
खोक्यांमधून वाट काढत चहा करणारा.
"लावतो गं," म्हणायचा, "आज सगळं लावतो."
लावायचा फक्त एसी.

मग एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर
आडवा प्लायवूड, एका बाजूने बाहेर आलेला,
वर रुळांचा लंबगोल
आणि हातभर लांब गाडी. निळी. दुबईहून मागवलेली.
"इथे रेल्वे येणार म्हणतात," तो म्हणाला,
"आपली आधी पोचली."
मी ओट्याशी उभ्यानेच जेवले.
बोलले काही नाही. भांडी बोलली.

डोंगराला कागद हवा होता,
म्हणून खोकं नंबर चार फुटलं.
कपबश्यांना गुंडाळलेली जुनी वर्तमानपत्रं:
हळदीचे सौदे, वधू पाहिजे,
कुणाच्या तरी दशक्रियेची चौकट.
मैद्याची खळ शिजवून त्याने थर चढवले.
कपबश्या नाइलाजाने कपाटात गेल्या.
बोगद्याला पुठ्ठा हवा: नऊ, दहा, अकरा.
पुस्तकं भिंतीशी लागली.
चहाचा चोथा वाळवून रुळांखालची खडी,
जुन्या उशीच्या स्पंजाची झाडं.
असं डोंगराच्या उरल्यासुरल्यातून
घर मांडलं गेलं.

वाळू मात्र किनाऱ्यावरची आणली,
तीही माझ्या पिठाच्या चाळणीने चाळून.
दोन दिवसांत चाकांच्या दात्यांत मीठ बसलं,
गाडीला उचकी लागली, मग थांबलीच.
तेव्हा मी तोंड उघडलं. "क्लोराइड," म्हटलं,
"धू आधी. दिवसभर मी तेच करते."
रात्री दीडपर्यंत बादलीत वाळू धूत बसलो,
मी मीटर बुडवून पाण्याचा खारटपणा मोजत,
तो माझ्या तोंडाकडे बघत,
दहावीचा निकाल असल्यासारखा.

डोंगर त्याने हिरवागार रंगवला होता.
आणि खिडकीबाहेर हजरची रांग,
भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखी.
आठवडाभर दोघे एकमेकांकडे बघत राहिले.
मग त्याने हिरव्यावर तपकिरी मारला,
एका घळीपुरता हात आखडला.

शेजारचा अझ्झान, वय वर्षं नऊ,
असरची बांग झाली की यायचा,
टेबलाच्या कडेवर हनुवटी ठेवून:
"किधर जाता है?"
"जाती है, वापस आती है."
"फिर जाता क्यों है?"
यावर बी.ई. मेकॅनिकलकडे उत्तर नव्हतं.

स्टेशनाला पिवळी पाटी, आइसक्रीमच्या काडीची.
तो म्हणे किर्लोस्करवाडी.
मी म्हटलं, तिथूनच तर निघालो ना?
आठ दिवस वाद. गाडी कोऱ्या पाटीशी थांबत राहिली.
शेवटी एका शुक्रवारी अझ्झानने स्केचपेन उचललं,
उजवीकडून डावीकडे तीन अक्षरं.
वाचूनही दाखवलं.
श्रीकरने ऐकलं तसं खाली लिहून टाकलं: बेत.
तो शब्द बैत, आणि बैत म्हणजे घर,
हे आम्हाला नंतर कळलं.
आणखी एका मात्रेला जागा होती.
दिली नाही.

आता सगळी खोकी उघडली, एक सोडून.
नंबर सतरा. वर माझ्या अक्षरात "किरकोळ."
प्लायवूडचा बाहेर आलेला कोपरा
त्याच्या डोक्यावर टेकलाय.
आत काय, दोघांनाही आठवत नाही.
इस्त्री असेल. नाहीतर पुरणयंत्र.
काढलं तर गाडी वळणावर घसरते.

टेबल गेलं, म्हणून आम्ही चटईवर जेवतो.
साडेनऊची आत्ताच त्या कोपऱ्यावरून गेली.
पेल्यातलं पाणीही हललं नाही, एवढीशी गाडी,
पण दोघांनी घास हातात धरून
तिला जाऊ दिलं.