शेवटी चालू, आधी बंद

गुरुवार. लाईट चारला येणार म्हणाले.
मी मात्र जेवण झाल्या झाल्या
हॉलभर वायरी अंथरून बसलोय,
सोफा भिंतीला सारून, पंख्यावाचून.

स्पीकर आणला भवानी पेठेतून, इनायतकडून.
किती साखरपुडे, एक रक्तदान शिबिर,
वॉर्डात पडलेला एक उमेदवार
याच्यातून बोलून गेलेत.
जाळीत अजून थोडी हळद आहे.
रिक्षात तो मांडीवर होता, सतरा किलो,
आणि सिंहगड रोडच्या खड्ड्याखड्ड्याला
कण्हत होतो मी.

इनायत म्हणाला, साहेब, एवढंच ध्यानात ठेवा,
हा सगळ्यांच्या शेवटी चालू करायचा
आणि सगळ्यांच्या आधी बंद.
नाहीतर असा दणका देतो
की आतला पडदा फाटलाच समजा.

पुढ्यात ही पेटी, जेवणाच्या डब्याएवढी.
हिच्यात एकशे ऐंशी अ‍ॅम्प्लिफायर आहेत म्हणे,
कोर्टाच्या धाकानं नावं बदलून ठेवलेले,
घरातून पळून आलेल्या पोरांसारखे.
त्यांचं लाकूड, तापलेली काच,
समोर माईक किती बोटांवर धरला होता तेसुद्धा,
सगळे आकडे.

चार वाजून सहा मिनिटांनी फ्रीज उसासला.
आधी पेटी.
मग आवाज शून्यावर नेऊन स्पीकर.
हिरवा दिवा, आणि गुऱ्हाळावरच्या माश्या.
अर्थिंग नाही!
बिल्डरनं तिसरं भोक ठेवलंय ते नुसतं भोक,
वीस वर्षं मला पत्ता नाही.
मिक्सरच्या पॉइंटवरून वायर ओढली,
माश्या उठल्या.

पहिली तार छेडली तर
हेडफोनमध्ये महिनाभर जो आवाज माझा होता
त्याला सर्दी झालेली.
खाली ढब्ब, वर पत्रा.
मागं वाकून पाहिलं तर बटण वरातीवरच होतं,
ते सपाटवर आणलं.
स्पीकर फरशीवरून उचलून स्टुलावर,
खाली जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी (बघा, कामाला आली).
ऐंशीच्या खालचं कापलं.
सहा हजारांच्या वरचं कापलं.
मग थोडं परत घेतलं.

आणि मग मी शोधायला लागलो
जो यादीत नाही हे मला ठाऊक आहे तो.
नौशीरनं केलेला. कॅम्पात, बेकरीमागच्या गॅरेजात,
मेलेल्या रेडिओच्या व्हॉल्व्हांतून,
बिस्किटांच्या खोक्यात.
तापला की तो मध्येच आकाशवाणी धरायचा.
माझ्या सोलोत एकदा
गुळाचे भाव आले होते, क्विंटलमागे.
कॉलेजच्या पोरांना वाटलं, मुद्दाम केलंय.
टाळ्या पडल्या.
बँडमध्ये नौशीर सगळ्यांच्या शेवटी आला होता.

दीड तास मी खोकं बदलत राहिलो,
माईक जवळ, माईक लांब,
व्हॉल्व्ह दमलेले, अजून दमलेले.
जवळ आलं काहीतरी.
बेकरीचा वास सोडून.

बेल वाजली. खालच्या मजल्यावरची ओवी,
सातवीतली, हातात कंपास.
मला वाटलं तक्रार.
म्हणाली, काका, मगाचचं बरं होतं,
ते पत्र्यासारखं.
आणि पायऱ्या उतरून गेलीसुद्धा.

पेटी नाव विचारते, बारा अक्षरं, इंग्रजीतच.
न वरचं त्यात बसतं, आठच अक्षरं होतात.
खोडतो.
'गूळ' लिहितो, तीन अक्षरांत, आणि सेव्ह करतो.

सातला बंद केलं. आधी तो.
हिरवा दिवा गेला.
पेटी अजून जागी होती, तिच्या पडद्यावर
सुया हलत होत्या, मी वाजवीन तशा,
आणि खोलीत तारांचा नुसता कोरडा आवाज,
शेजारच्या खोलीतसुद्धा जाणार नाही एवढा.
थोडा वेळ तसंच वाजवलं.