सव्विसावा सेंटिमीटर

बर्फाला भोक पाडायला आठ पोरं,
नळी वर ओढायला तिघंच.
बाकीची नाकं पुसत उभी.
मी काठावर थांबले;
माझ्या गुडघ्यांचा आताशा बर्फावर भरवसा नाही.

नळीत तळ्याचा तळ, उभा:
काळा, करडा, पुन्हा काळा,
मध्येच एक पिवळट रेघ.
"सोळाव्या सेंटिमीटरला चेर्नोबिल," किएलो म्हणाली,
बसमध्ये कुणी म्हणावं तसं, पुढचा थांबा आपला.

मी जीवशास्त्राच्या इमारतीत काचसामान धुते.
एकतीस वर्षं. प्राध्यापक बदलले, बीकर तेच.
पोरं सप्टेंबरात येतात,
मे महिन्यात त्यांची नावं तोंडात बसतात,
जूनमध्ये ती निघून जातात.
ही मात्र रात्री दहालाही असायची,
गाळाच्या चकत्या कापत, काकडीच्या कापाव्यात तशा,
मग चाळणीत धुऊन शोधत
खसखशीएवढी काळी खोगिरं.
प्रत्येकात दोन अंडी,
पाणपिसवांनी वाईट दिवसांसाठी मागे ठेवलेली.
दिवस पालटले की उघडायचं, असा करार.
पण वरून गाळ पडत गेला
आणि दिवा कुणी लावला नाही.

किएलो दिवा लावते.
"एवढंच माझं संशोधन," ती हसते,
"उजेड, थोडी ऊब, आणि वाट बघणं.
परीक्षेत यावर प्रश्न येत नाही."

सव्विसावा सेंटिमीटर, साल चौऱ्याहत्तर.
दोनशे बारा अंडी.
अठरा दिवस काही नाही.
एकोणिसाव्या दिवशी, रविवारी,
नळ गळतोय का बघायला मी गेले
तर एका खळग्यात टिंब हललं.
आरपार दिसणारं. पाठीत हृदय,
इतकं घाईत की मोजता येईना.
मी फोन लावला, आणि मला धड बोलताच येईना.
"पोरगी झाली," एवढंच म्हणाले.

ती सायकलवरून आली, टोपी उलटी.
खूप वेळ सूक्ष्मदर्शकावर वाकलेली,
मग वळून म्हणाली:
"त्या वर्षी तळं कसं होतं, राइली?
आकडे आहेत माझ्याकडे. वास नाही."

मी नऊ वर्षांची होते.
कागदगिरणी तीन पाळ्यांत चाले.
पाण्यावर घोट्यापर्यंत पिवळा फेस,
आम्ही त्याच्या दाढ्यामिशा लावायचो.
उकडलेल्या कोबीचा वास;
आई म्हणे, पगाराला असाच वास असतो.
मासे पोट वर करून काठाला लागत
आणि बाप जेवताना उठून खिडकी लावून घेई,
न बोलता.
हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.
कुणी विचारलं नव्हतं.

तिनं सगळं लिहून घेतलं, चकतीच्या नंबरापुढे,
आणि 'स्रोत' या रकान्यात
माझं नाव, आडनावासकट.

मग जुनीला पोरी झाल्या, बापाशिवाय,
सगळ्या हुबेहूब तिच्यासारख्या.
गिरणीच्या पाण्यासारखं पाणी करून
त्यातल्या वीस सोडल्या,
आणि वीस आजच्या,
यांच्या पणतींच्या पणत्या असाव्यात अशा.
जुन्या पोहत राहिल्या.
नव्या दुपारपर्यंत तळाशी.

"म्हणजे जुन्या चिवट?" मी विचारलं.
"चिवट नाही," किएलो म्हणाली.
"त्या पाण्याच्या."

माझा बाप बावन्नाव्या वर्षी गेला.
तो त्या पाण्याचा होता की नव्हता,
ते कुठल्या चकतीत बघायचं?
हे मी तिला विचारलं नाही.
तिला प्रबंध जमा करायचा होता.

जूनमध्ये तीही जाईल.
बाकी सगळी भांडी धुऊन झाली.
एका बरणीवर तिच्या अक्षरात
चौऱ्याहत्तर लिहिलंय.
स्पिरिटच्या बोळ्यानं लगेच निघेल.
बरणी खिडकीत आहे अजून.