मेरेवालेसीचं कुंपण

तावेउनी बेटावर, चर्चमागच्या चढाला,
मेरेवालेसीचं कुंपण. सगळं क्रोटनच.
मी वही घेऊन गेलो होतो:
पान लांब की रुंद, पिळलेलं की सरळ,
शीर पिवळी की गुलाबी.

ती वहीकडे बघत नाही.
"हा वासेमाथाचा, तिच्या लग्नात मोडून आणलेली काडी.
हा पोस्टमास्तर इसोआचा. तो गेला, बायको गेली, हा आहे.
आणि हा चोरलेला. कुणाचा ते नाही सांगायची."

एकाच झुडपावर तीन तऱ्हांची पानं.
मी तीन नावं लिहिली,
मग दोन खोडली.

काडी बोटाएवढी जाड हवी,
डोळ्याखाली तिरपी कापायची.
चीक कापडाला पुसायचा नाही
(तिच्या सुलूवर तपकिरी डाग, कितीदा धुतलेला).
मासळीच्या रिकाम्या डब्यात वाळू, सावली, महिनाभर दम.
"उपटून उपटून मुळं बघायची नाहीत,"
हे माझ्याकडे बघून.

वळणावर एक फांदी निव्वळ हिरवी निघालेली.
अशी छाटावी म्हणतात,
नाहीतर हिरवं सगळ्या झाडावर चढतं.
"ही कुणी दिली?"
"कुणी नाही. हिची हीच आली."
तिने फांदी हाताने बाजूला धरली,
मला वाट दिली.

रात्री वही उघडली.
त्या पानावर चिकाचा ठिपका,
सुकत सुकत तपकिरी होत चाललेला.