पोचपावती

नदीकाठच्या या गावात मी टपाल वाटतो,
अकरा वर्षं झाली, आता तीनचाकीवर.
पाकीट न फोडताच कळतं मला कुणाकडे काय आलंय.
खिडकीचं, जाड, निळ्या पट्टीचं : विमा.
खिडकीचं, पातळ : वीज.
बिनखिडकीचं, हातानं पत्ता घातलेलं
असं फक्त नोलीन टॅरंटच्या घरून निघतं.
तिच्याकडे येत नाही.

तिच्या गल्लीत विजेच्या खांबावर पिवळ्या रेघा आहेत,
प्रत्येकीशेजारी पुराचं साल.
गुडघ्याशी एक, कमरेशी दोन.
सगळ्यात वरची बघायला
मला टोपी धरून मान मागे टाकावी लागते.
तिचा रंग अजून उडालेला नाही.

त्या वर्षी मंत्री आले होते.
पायात नवे रबरी बूट, टाचेला किमतीची चिठ्ठी तशीच,
एकोणचाळीस डॉलर पंचाण्णव.
आभाळच फाटलं तर ठिगळ तरी कुठं कुठं लावणार, म्हणाले,
जणू ते आपोआप फाटलं होतं.
समिती नेमली.
समितीनं दोन वर्षं अभ्यास केला
आणि आणखी एक समिती नेमावी असं सुचवलं.
त्याच आठवड्यात उत्तरेकडे
गॅसच्या नव्या विहिरींना परवानगी मिळाली.
तिला समिती लागली नाही.

नोलीननं लिहायला सुरुवात केली ती तेव्हापासून.
शाळेत भूगोल शिकवायची,
अक्षर अजून फळ्यावरचं, सरळ, मोठं.
सात पत्रं गेली. सात उत्तरं आली,
सातही वेळा तोच मजकूर :
आपल्या भावना आमच्यापर्यंत पोचल्या आहेत.
ती उत्तरं तिनं केकच्या डब्यात ठेवलीत.
डब्यात दुसरं काही नसतं हल्ली.

या मंगळवारी निळ्या पट्टीचं आलं.
पायरीवरच फोडलं तिनं
आणि आकडा मोठ्यानं वाचला,
शेजाऱ्याचं पत्र चुकून उघडावं तशा आवाजात.
गेल्या वर्षी चार हजार. यंदा एकोणीस.
नाहीतर पुराचं कलम काढून टाका, असंही लिहिलं होतं खाली.
"म्हणजे नदी सोडून बाकी सगळ्यापासून संरक्षण," ती म्हणाली.
अंगात दोन स्वेटर होते तिच्या, एकावर एक.
हीटर कोपऱ्यात, वर पुस्तकांची चळत.

लेफ्टेरीच्या दुकानात कोबी आता अर्धा मिळतो,
अर्ध्याला पूर्वीच्या पूर्णाची किंमत.
गिऱ्हाईक त्याच्यावर डाफरतात.
मला कुणी भाव कसा चढला ते समजावू नये.
त्या पहाटे मी टपाल कचेरीच्या छपरावर बसलो होतो,
वरच्या शेतांतले कोबी वाहत आले,
शेकडो, हिरवे, शांत,
सगळे एकाच दिशेला चाललेले.

गल्लीतली नऊ, तेरा आणि पंधरा नंबरची घरं
सरकारनं घेतली, पाडली.
सतराचं घेणार होते. पैसे संपले.
सतरा नोलीनचं.
पाडलेल्या घरांना अजून पत्रं येतात,
दाताच्या डॉक्टरची आठवण, लॉटरीची जाहिरात.
त्यांच्यासाठी माझ्याकडे चिकटपट्ट्यांची गुंडाळी आहे :
या पत्त्यावर आता कुणी राहत नाही.

आठवं पत्र तिनं माझ्या हातात दिलं.
तिकीटही महागलंय, म्हणाली,
पुढचं पोस्टकार्ड लिहीन.
वळणावर मी गाडी थांबवली.
मंत्र्यांचा पत्ता तिच्या त्या सरळ अक्षरात.
एक पट्टी सोलली, अंगठ्यावर धरली,
बराच वेळ.

मग ती हँडललाच चिकटवली
आणि पत्र पिशवीत टाकलं, सगळ्यात वर.
अकरा वर्षांची नोकरी आहे.
घरी माझंही एक आलंय,
जाड, निळ्या पट्टीचं.
ते मीच मला दिलं,
अजून फोडलेलं नाही.