लाल भरती

कारखान्याच्या खिडकीतून अरोसाची खाडी दिसते.
पाण्यावर निलगिरीच्या लाकडाचे तराफे,
तराफ्यांना दोर, दोरांना लगडलेले शिणाणे.
सव्वीस वर्षं मी इथे हिशेब लिहिते.
वाफ, व्हिनेगर आणि पावत्या,
तिन्हींचा वास माझ्या कोटाला एकत्रच येतो.

पत्र फेब्रुवारीत आलं, मंगळवारी.
पोर्तुगालहून, पत्र्याचे डबे पुरवणाऱ्यांचं:
आमची बँक बदलली आहे,
या बिलापासून रक्कम नवीन खात्यात भरावी.
खाली इल्दाबाईंची सही, नेहमीसारखी.
माझ्या गुडघ्याची चौकशी, नेहमीसारखी.
फक्त 'सस्नेह'मधला एक स गळला होता.
वाटलं, घाईत असेल बिचारी.
एक्केचाळीस हजार आठशे युरो.
बोट माझंच होतं.

नऊ दिवसांनी खऱ्या इल्दाचा फोन:
पैसे कधी पाठवताय?

मालक आमारो उठले आणि आधी दार लावलं.
म्हणाले, ओतिलिया, हे चार भिंतींत राहू दे.
बँकेला कळलं तर हात आखडता घेईल,
गिऱ्हाइकं म्हणतील, यांना साधं बिल ओळखता येत नाही,
आणि तुझंही नाव निघेल.
शेवटचं वाक्य ते मायेनेच बोलले.
मी तोटा 'इतर खर्च' या रकान्यात लिहिला,
सुवाच्य अक्षरात.

झाकली मूठ सव्वा लाखाची.
आमच्या मुठीत काहीच नव्हतं,
तरी ती आवळून आम्ही फिरलो
चर्चमध्ये, मासळीच्या लिलावात,
एकदा तर दुखवट्यालासुद्धा.

मार्चमध्ये पलीकडच्या काठावरची साबेला
बेकरीच्या रांगेत माझ्यापुढे उभी होती.
सात बायकांचा कारखाना तिचा, त्यांतली एक तिची आई.
मागे वळली, म्हणाली,
डबेवाल्या कंपनीचं पत्र आलं होतं गं,
बँक बदलल्याचं.
मी विचारलं, का विचारलं कोण जाणे,
'सस्नेह'मध्ये किती स होते?
ती माझ्याकडे बघतच राहिली.
तिला एका क्षणात दोन गोष्टी कळल्या.
दुसरी मला अजून झोपू देत नाही.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.
खरं आहे, पण पुढच्याने ओरडायला हवं.
तो रक्ताळलेला अंगठा बुटात कोंबून
काय छान ऊन पडलंय म्हणत चालत राहिला,
तर मागच्याने शहाणं कुठून व्हायचं?

खाडीत लाल भरती येते तेव्हा
ज्याच्या दोरावर विष सापडतं, तो तासाभरात कळवतो.
बंदी लागते, तराफे थांबतात, तोटा होतो.
कुणी त्याला विचारत नाही,
तुझ्याच शिणाण्यांनी ते कसं प्यायलं?
पाणी सगळ्यांचंच, एवढं पुरतं.
इथे पाण्याची लाज कुणी धरली नाही कधी.
मग मी कशाची धरली होती?

सोमवारी गार्दिया सिव्हिलच्या चौकीत गेले.
आमारोंना सांगून गेले. ते काही बोलले नाहीत,
माझी छत्री तेवढी आणून दिली.
हवालदार पोरसवदा, दोन बोटांनी टंकत होता.
खाते क्रमांकाशी थांबला.
याच खात्याची एक तक्रार शुक्रवारी आली, म्हणाला, एका बाईंची.
मग माझी तारीख पाहिली.
फेब्रुवारीतच आला असतात तर,
म्हणाला, आणि पुन्हा टंकायला लागला.

पैसे आले नाहीत. येतील असं कुणी म्हणालंही नाही.

लिलावाच्या हॉलमध्ये, भरती-ओहोटीच्या तक्त्याखाली
मी ते पत्र टाचलंय,
गळलेल्या अक्षराभोवती लाल गोल,
खाली माझं पूर्ण नाव, कारखान्याचा शिक्का.
दोघं हसले. एकाने कोपराने दुसऱ्याला ढोसलं.
बर्फाच्या कारखान्याचा उशिओ मात्र थांबला,
चष्मा वर करून दोनदा वाचलं,
आणि खिशातून फोन काढत
जवळजवळ पळतच बाहेर गेला.