हार्ड ब्लॉक्ड : होय

अभ्यासिकेला मिळालेला लॅपटॉप बँकेनं टाकून दिलेला.
झाकणावर मालमत्ता क्रमांक, कडेला चिकटपट्टी,
आत सगळं पुसलेलं.
निनादनं पेनड्राइव्हवरून त्यात लिनक्स चढवलं
आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला कामावर गेला.
वायफाय राहिलं.

चौदा खुर्च्या, एक कुलूप, झाडू आणि रजिस्टर माझ्याकडे.
आता हेही.

टर्मिनल म्हणजे काळी पाटी.
निनाद फोनवर अक्षरं सांगायचा,
"एल, एस, मधात जागा नाही सोडाची ताई, पी, सी, आय."
पाटीवर कार्डाचं नाव उमटलं,
कंपनी, नंबर, सगळं.
म्हणजे कार्ड आहे.
हजेरीत नाव आहे, पोरगं वर्गात नाही.

फर्मवेअर पाहिजे. फर्मवेअर नेटवर मिळतं.
नेटसाठी फर्मवेअर पाहिजे.
"हे तं असं झालं," रोशन म्हणाला,
"बादली विहिरीत पडली, अन् गळ बादलीतच."

दिग्रसला गेले. काळीपिवळीत पायाशी सरकीचं पोतं,
पेनड्राइव्ह ओढणीच्या गाठीत.
एवढीशी फाइल, एका फोटोहून लहान,
जाऊन-येऊन ऐंशी रुपये.

कॉपी केली. सुडो.
पासवर्ड लिहिताना अक्षरं दिसत नाहीत
तरी आत जातात, हे आता मला माहीत होतं.
रीस्टार्ट.
पोरं मागे उभी, पोलीस भरतीची पुस्तकं काखेत.
पंखा घुरघुरला, थांबला.
काही नाही.
"राहू द्या ना वो ताई, भंगार हाये ते."

रात्री एकटीच बसले. निनादचा फोन लागेना.
त्यानं कागदावर लिहिलेली शेवटची आज्ञा उरली होती,
आरएफकिल लिस्ट.
सॉफ्ट ब्लॉक्ड : नाही.
हार्ड ब्लॉक्ड : होय.

सॉफ्ट म्हणजे लिहून सुटणारं असेल.
मग हार्ड म्हणजे?
लॅपटॉप उचलला, मांडीवर उलटा घेतला,
बाळाची पाठ चाचपावी तशी कड चाचपली.
चिकटपट्टीखाली बारीक उंचवटा.
नखानं खरवडलं. पट्टीवर छापलेलं 'निर्लेखित',
त्यातलं 'निर्ले' नखात आलं, 'खित' तिथंच राहिलं.
खाली तिळाएवढा खटका.

सरकवला.
केशरी दिवा निळा झाला.

आणि नावं येऊ लागली, एकाखाली एक :
भोयर किराणा. ग्रामपंचायत.
झाडे सर घर. बंडूचं नेट वापरू नका.
एवढं गाव या खोलीतून ये-जा करत होतं
आणि मी रोज त्याच्यातूनच झाडू मारत होते.

पंचायतीचा पासवर्ड तानबाजी शिपायाला ठाऊक,
आणि तानबाजी नऊलाच झोपतात.

मी खटका बंद केला.
नावं गेली.
पुन्हा चालू.
पुन्हा बंद. निव्वळ पाहायला.